मंगळावरचा दगड: सातारा-सांगलीकडून नेहमी येणारे प्रश्न

सातारा-सांगलीत कुठंही नांगर घाला, काळा दगड लागतोच. त्यात जुलै २०२५ मध्ये मंगळावरचा एक दगड न्यूयॉर्कच्या लिलावात कोट्यवधींना गेला. तेव्हापासून बांधावरचा प्रत्येक जड दगड संशयित झाला आहे. खालची उत्तरं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा: मंगळावरून आलेले बहुतेक दगड हे मुळात बेसॉल्टच आहेत, म्हणजे आपल्या काळ्या पत्थराचेच दूरचे भाऊबंद. त्यामुळं नुसत्या नजरेनं ते ओळखता येत नाहीत. निकाल रसायन देतं आणि भाव कागदपत्रं ठरवतात.

मंगळावरचा दगड इथं पोचतो कसा?

मंगळावर मोठा लघुग्रह आदळला की त्या दणक्यानं जमिनीचे तुकडे वर उडतात. सेकंदाला ५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग मिळालेला तुकडा मंगळाच्या गुरुत्वाकर्षणातून सुटतो. पृथ्वीवरून असं सुटायला ११.२ किलोमीटर वेग लागतो आणि वर दाट हवेचा अडसर असतो. मंगळ लहान आणि त्याची हवा विरळ, म्हणून तिथून हे जमतं. सुटलेला तुकडा लाखो वर्षं सूर्याभोवती फिरतो आणि त्यातले काही पृथ्वीच्या वाटेत येतात. नाखलाइट गटातले, म्हणजे इजिप्तच्या नाखला इथं पडलेल्या दगडाच्या जातीचे, दगड साधारण १.१ कोटी वर्षांपूर्वी मंगळावरून निघाले होते. हे कळतं कसं? अवकाशात असताना वैश्विक किरणांमुळे दगडात ठराविक अणू तयार होत राहतात. ते मोजले की प्रवासाचा काळ निघतो.

पण तो मंगळाचाच, हे कशावरून? कुणी जाऊन आणलेला तर नाही.

प्रश्न रास्त आहे. शास्त्रज्ञांनाही त्यावर शंभरावर वर्षं घालवावी लागली.

फ्रान्समध्ये १८१५ साली शासिन्यी, बिहारमध्ये १८६५ साली शेरघाटी आणि इजिप्तमध्ये १९११ साली नाखला इथं पडलेले दगड बाकीच्या अशनींपेक्षा, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या दगडांपेक्षा, वेगळे वाटत होते. बहुतेक अशनी सुमारे ४५० कोटी वर्षांच्या असतात. नाखला मात्र निघाली १३० कोटींच्या आसपासची, आणि शेरघाटीसारखे दगड त्याहून कितीतरी तरुण, काही तर १७ ते १८ कोटी वर्षांचेच. इतक्या अलीकडे लाव्हा ओतायचा तर ग्रह मोठा आणि आतून तापलेला हवा. छोटे लघुग्रह तेवढ्यात केव्हाच गार होऊन जातात. म्हणून संशय मंगळावर गेला.

पुरावा मिळाला १९८३ मध्ये. अंटार्क्टिकातून आणलेल्या ईईटीए ७९००१ या अशनीत काचेचे बारीक कप्पे होते. आदळण्याच्या दणक्यानं दगड क्षणभर वितळला, तेव्हा भोवतालची हवा या काचेत अडकून राहिली होती. डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी ती मोजली. तिच्यातल्या वायूंचं प्रमाण १९७६ साली व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळलं. पृथ्वीची किंवा दुसऱ्या कुठल्या ज्ञात ठिकाणची हवा तशी नाही.

आता प्रत्येक नव्या दगडात काचेतली हवा शोधत बसावं लागत नाही. ऑक्सिजनच्या तीन समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण हा प्रत्येक ग्रहाचा शिक्का असतो. मंगळाचा शिक्का पृथ्वीपेक्षा किंचित, हजारी ०.३ भागांनी सरकलेला आहे. दुसरी खूण पायरॉक्सिन या खनिजातलं लोह आणि मँगनीजचं गुणोत्तर. मंगळाच्या दगडात ते साधारण ३०, पृथ्वीच्या बेसॉल्टमध्ये ४० च्या आसपास आणि चंद्राच्या दगडात ६० च्या पुढं जातं.

मग आमच्या काळ्या पत्थरात आणि त्यात फरक काय?

खनिजं बरीचशी तीच: पायरॉक्सिन, प्लॅजिओक्लेज, कुठं ऑलिविन. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. गंमत म्हणजे वयाच्या बाबतीत शेरगोटाइट, म्हणजे शेरघाटीच्या जातीचे दगड, त्याच्यापासून फार लांब नाहीत. अशनींच्या हिशेबात दोघंही कालची पोरं.

फरक दिसतो तो दगडाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर. ०.०३ मिलिमीटर जाडीचा, प्रकाश आरपार जाईल असा हा छेद काचपट्टीवर चिकटवलेला असतो. ध्रुवित प्रकाशात तो बघितला की आपल्या पत्थरातलं प्लॅजिओक्लेज एकाआड एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं दिसतं आणि काचपट्टी फिरवली की पट्ट्यांची उजेड-सावली पालटते. शेरघाटीच्या छेदात स्फटिकाचा तोच लांबट आकार दिसतो, पण आतून तो पूर्ण काळा. कितीही फिरवा, काळाच राहतो. दणक्याच्या दाबानं स्फटिकाची आतली रचना मोडून त्याची काच झालेली असते, आकार मात्र तसाच टिकलेला. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. खनिजशास्त्रज्ञ चेरमाक यांनी १८७२ साली ते नाव दिलं, आणि तेही शेरघाटीच्याच दगडावर काम करताना.

यातही एक मेख आहे. बुलढाण्यातलं लोणार हे अशनी आदळून बेसॉल्टमध्येच झालेलं विवर. तिथल्या दणका बसलेल्या दगडातही मॅस्केलिनाइट मिळतं. म्हणजे छेदात मॅस्केलिनाइट दिसलं म्हणून लगेच पेढे वाटू नका. शेवटचा शब्द समस्थानिकांचाच. लोणारमुळेच मंगळाच्या अभ्यासकांना मात्र घरच्या जमिनीवर सराव करता येतो.

शेतात काळा, जड दगड सापडला. घरी काय तपासता येईल?

या क्रमानं जा. जिथं उत्तर नकारात्मक येईल तिथं थांबायला हरकत नाही.

आधी साल बघा. ताज्या अशनीवर वितळून झालेलं काळं कवच असतं, जेमतेम १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. मंगळाच्या दगडावर ते बऱ्याचदा चकचकीत असतं, वार्निश मारल्यासारखं. दगड कुठं फुटला असेल तर काळी कड आणि आतला फिकट राखाडी भाग यांच्यातली रेषा सुरीनं कापल्यासारखी स्पष्ट दिसते. आपल्या पत्थराची साल हवापाण्यानं झिजून झालेली असते: तपकिरी-पिवळट, जाड आणि आतल्या भागात हळूहळू मिसळत जाणारी. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड दिसतात, ते याच झिजेचे. लोक नेमके तेच गोल दगड उचलून आणतात.

मग भोकं बघा. बुडबुड्यांसारखी पोकळी असेल, किंवा पोकळीत पांढरे, हिरवट स्फटिक चमकत असतील तर तो आपलाच दगड. ते स्फटिक झिओलाइटचे. लाव्हातले वायूचे बुडबुडे नंतर खनिजांनी भरले की असं होतं.

तिसरी गोष्ट, रेघ. बाथरूमच्या टाइलच्या मागच्या खरबरीत, चकाकी नसलेल्या बाजूवर दगडाचा कोपरा घासा. लाल-तपकिरी रेघ आली तर हेमॅटाइट किंवा जांभ्यातलं खनिज, ठसठशीत काळी आली तर मॅग्नेटाइट. अशनीची रेघ उमटत नाही किंवा अगदी फिकी राखाडी येते. बेसॉल्टचंही तसंच, म्हणून ही चाचणी फक्त लोहखनिजं बाजूला काढते.

चौथी, घनता. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. आधी कोरडा दगड तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्यानं बांधून पूर्ण बुडेल असा पाण्यात अधांतरी धरा. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. दगडाचं वजन ४१२ ग्रॅम आणि पाण्यात काट्यावर १४४ आले, तर ४१२ भागिले १४४, म्हणजे २.८६. हा आपला काळा पत्थर. त्याची घनता सहसा २.८ ते ३.० असते, मंगळाच्या दगडाची साधारण ३.१ ते ३.४ आणि लोखंडी अशनीची ७.५ च्या वर.

चूक कुठं होते? दगड तळाला टेकतो आणि त्याचं सगळं वजनच काट्यावर येतं. किंवा खाचांत हवेचे बुडबुडे राहतात आणि आकारमान फुगतं. बुडवल्यावर दगड हलकेच हलवून बुडबुडे सोडवा. दगड ५० ग्रॅमपेक्षा लहान असेल तर या काट्यावर विसंबू नका. ५० ग्रॅमचा, ३.० घनतेचा दगड १६.७ दाखवायला हवा. काटा १६ किंवा १७ दाखवेल आणि उत्तर ३.१ की २.९ यातच घोळ होईल. सोनाराकडचा काटा वापरा.

चुंबक लावून बघितलं. चिकटलं. म्हणजे अशनी?

नाही. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळं तोही चुंबकाला थोडाफार ओढतो. उलट मंगळाच्या दगडात धातूरूप लोह जवळजवळ नसतंच, म्हणून तो फारसा ओढत नाही. सर्वसाधारण अशनींसाठी चुंबक उपयोगी आहे, मंगळाच्या बाबतीत ते दोन्ही बाजूंनी फसवतं. निकेलच्या चाचणीचंही तेच. लोखंडी अशनीत ती हमखास लागू पडते, मंगळाच्या दगडात निकेलयुक्त धातूच नाही. तिथं ती ‘नाही’ म्हणाली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आणि कृपा करून जुन्या स्पीकरमधलं किंवा हार्डवेअरच्या दुकानातलं निओडिमियम चुंबक दगडावर टेकवू नका. मंगळाला एके काळी चुंबकीय क्षेत्र होतं आणि त्याची नोंद या दगडांत कोरलेली असते. ताकदवान चुंबक एकदा टेकवलं की ती पुसून तिथं चुंबकाचीच नोंद बसते. ‘ब्लॅक ब्यूटी’ या मंगळाच्या प्रसिद्ध दगडाच्या अनेक तुकड्यांचं असंच झालं. वाळवंटात दगड वेचणाऱ्यांनी ओळखण्यासाठी म्हणून चुंबक लावलं आणि चारशे कोटी वर्षांपूर्वीची नोंद गेली. लाकडी टेबलावर होकायंत्र ठेवा, मोबाइल दूर ठेवा, दगड दोन सेंटिमीटरवर आणून सावकाश फिरवा. सुई हलते की नाही एवढं कळलं तरी पुरे.

जड आहे, भोकं आहेत, काचेसारखा चमकतो.

स्लॅग. कुपवाड, मिरज, किर्लोस्करवाडी, कऱ्हाड या पट्ट्यात फौंड्री आहेत आणि भट्टीतला कीट भरावासाठी, रस्त्याकडेला टाकला जातो. हा झाला नवा. जुनाही आहे: महाबळेश्वराच्या डोंगरात पूर्वी धावड लोक जांभ्यातल्या खनिजापासून लोखंड गाळत. त्यांच्या भट्ट्यांचा कीट अजून जंगलात सापडतो. इतिहासाच्या दृष्टीनं तो मोलाचा आहे, त्यामुळं अशनी नाही म्हणून फेकून देऊ नका.

आमच्या भागात मंगळाची अशनी सापडायची शक्यता किती?

फारच थोडी. पडायला इथंही पडते. सहारात किंवा अंटार्क्टिकात जास्त पडतात असं नाही, तिथं त्या दिसतात. पांढऱ्या बर्फावर किंवा मोकळ्या वाळूवर काळा दगड लांबून ओळखू येतो आणि कोरड्या हवेत हजारो वर्षं टिकतो. आपल्याकडं काळ्या पत्थरावर काळा दगड, वर गवत आणि घाटमाथ्यावर धो धो पाऊस. कासच्या किंवा पाचगणीच्या जांभ्याच्या पठारावर निदान रंगाचा फरक तरी मिळतो, पण पाऊस तिथंही सोडत नाही. इकडं खरी संधी एकच: डोळ्यांदेखत पडलेली, ताजी. १९६२ साली नायजेरियात झगामी गावाजवळ १८ किलोचा मंगळाचा दगड एका शेतकऱ्यापासून काही फुटांवर पडला, मक्याच्या शेतात. शाळूच्या रानात पडणारच नाही असं कुठं लिहिलेलं नाही.

भारतात कधी पडली आहे का?

हो, आणि तिच्या नावावरूनच सगळा गट ओळखला जातो. २५ ऑगस्ट १८६५ रोजी सकाळी गया जिल्ह्यातल्या शेरघाटीला मोठ्या आवाजासह सुमारे ५ किलोचा दगड पडला. इंग्रजांनी नाव लिहिलं ‘शेरगोटी’, म्हणून गट झाला ‘शेरगोटाइट’. मंगळाच्या ज्ञात अशनींपैकी सर्वांत जास्त याच गटातल्या. दगडाचा बराचसा भाग कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे, म्हणजे जीएसआयकडे आहे. महाराष्ट्रात अलीकडे गाजलेली काटोलची अशनी, नागपूर जिल्हा, २२ मे २०१२, ही मंगळाची नाही. ती साधी कॉन्ड्राइट, म्हणजे लघुग्रहांवरून येणारी नेहमीची दगडी अशनी.

मंगळावर गाड्या फिरताहेत, मंगळयानही पोचलं. मग या दगडांचं एवढं काय?

मंगळयान २०१४ मध्ये कक्षेत पोचलं, ते वरून बघत होतं. जमिनीवरच्या गाड्यांमध्ये छोट्या प्रयोगशाळा आहेत, पण दगडाचं अचूक वय काढायला लागणारी यंत्रं एखाद्या खोलीएवढी असतात. त्यातल्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीनं २०२१ पासून नळ्यांमध्ये नमुने भरून ठेवलेत, त्यातली एकही नळी अजून पृथ्वीवर आलेली नाही. आजच्या घडीला माणसाच्या हातात असलेले मंगळाचे दगड म्हणजे या अशनीच. जगात नोंदलेल्या सत्तर हजारांहून जास्त अशनींपैकी मंगळाच्या सुमारे ४००, आणि त्यातल्याही बऱ्याच एकाच दगडाचे फुटलेले तुकडे.

त्यातून काय कळतं याचं उत्तम उदाहरण ‘ब्लॅक ब्यूटी’, अधिकृत नाव एनडब्ल्यूए ७०३४, वजन ३२० ग्रॅम. तो लाव्हाचा नाही, वेगवेगळ्या दगडांचे तुकडे चिकटून झालेला. खडी आणि सिमेंटचं काँक्रीट डोळ्यांसमोर आणा. त्यातल्या झिरकॉन स्फटिकांचं वय ४४० कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे मंगळाचं पहिलं कवच केव्हा थिजलं याचा तो साक्षीदार. आणि त्यातलं पाणी मंगळाच्या इतर अशनींपेक्षा कितीतरी जास्त, दशलक्षात सुमारे ६,००० भाग.

उणीव एकच, पण मोठी: दगड मंगळावर नेमका कुठून उडाला हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. सातबारा नसलेली जमीन म्हणा. ब्लॅक ब्यूटीसाठी २०२२ मध्ये कराथा नावाचं विवर सुचवलं गेलं. असा अंदाज बांधता येणारे दगड थोडे.

त्यात जीवाणू सापडले होते ना?

एएलएच ८४००१ या अंटार्क्टिकात १९८४ साली सापडलेल्या, ४०९ कोटी वर्षांच्या दगडाबद्दल ऑगस्ट १९९६ मध्ये तसा दावा झाला होता. त्यावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटनही बोलले होते. दगडात कार्बोनेटचे कण, चुंबकीय स्फटिक आणि अळीसारखे दिसणारे अतिसूक्ष्म आकार होते. पुढं यातली प्रत्येक गोष्ट जीवाशिवायही घडू शकते असं दिसून आलं आणि बहुतेक अभ्यासकांनी दावा मान्य केला नाही. जुने मथळे मोबाइलवर फिरतच असतात.

ग्रॅमला भाव काय?

सर्वांत मोठं उदाहरण एनडब्ल्यूए १६७८८. वजन २४.६७ किलो, नोव्हेंबर २०२३ मध्ये नायजरच्या अगादेझ भागात सापडला, जुलै २०२५ मध्ये सोदबीजच्या लिलावात शुल्कासह सुमारे ५३ लाख डॉलरला गेला. तेव्हाच्या दरानं हे ४५ कोटी रुपयांच्या घरात जातं. भागाकार करा: ग्रॅमला २१५ डॉलर, म्हणजे साधारण साडेअठरा हजार रुपये. त्या वेळच्या सोन्याच्या दुप्पट.

इथं लोक दोन चुका करतात. पहिली, बातमीतला भाव आपल्या दगडाला लावतात. दुसरी, मोठ्या दगडाचा भाव ग्रॅममागं जास्त असेल असं धरतात. होतं उलट. अर्ध्या ग्रॅमचा चांगला तुकडा घेणारे पुष्कळ, २५ किलो एकदम घेणारा एखादाच. नेहमीच्या शेरगोटाइटचे छोटे तुकडे साधारण शंभर डॉलरपासून हजार डॉलरपर्यंत ग्रॅमला विकले जातात, ब्लॅक ब्यूटीसारखे दुर्मीळ त्याहून कितीतरी वर. वाळवंटातली साधी कॉन्ड्राइट मात्र काही डॉलरना ग्रॅमभर मिळते. अशनी निघाली म्हणजे कोट्यधीश झालो, असं गणित नसतं.

भाव ताजेपणावर, प्रकारावर आणि कवच किती शिल्लक आहे यावर हलतो. मोरोक्कोतली तिसिंट १८ जुलै २०११ ला पडली आणि काही महिन्यांतच वेचली गेली, तिच्यावर पाणी-मातीचा संस्कार फारसा झाला नाही. म्हणून शास्त्रज्ञ आणि संग्राहक दोघंही तिच्यासाठी धावले. तोच दगड हजार वर्षं वाळवंटात पडून राहिला असता तर फटींत चुनखडी शिरली असती आणि मंगळाचे क्षार कुठले, सहाराचे कुठले, हा गोंधळ झाला असता.

खरेदी करायचा आहे. कागद कुठला बघू?

आधी अधिकृत नाव विचारा. मिटिऑरिटिकल सोसायटी या अशनी-अभ्यासकांच्या जागतिक संस्थेची नामकरण समिती प्रत्येक अशनीला नाव देते आणि तिच्या बुलेटिनच्या खुल्या यादीत ते कुणालाही तपासता येतं. एनडब्ल्यूए म्हणजे वायव्य आफ्रिका, पुढं क्रमांक. यादीत नाव, गट आणि एकूण वजन बघा. विक्रेते सांगतात ती वजनं मिळून एकूण वजनापेक्षा जास्त भरत असतील तर बाजारात बनावट माल शिरलाय.

तुकड्याबरोबर आलेल्या कार्डावर त्याच तुकड्याचं वजन मिलिग्रॅमपर्यंत आणि त्याचाच फोटो असावा. आधीच्या मालकांची कार्डं मिळाली तर ती टाकू नका, पुढं विकताना तीच दगडाची वंशावळ. ‘नासाचं सर्टिफिकेट’ दाखवलं तर व्यवहार तिथंच थांबवा. नासा खासगी विक्रीसाठी प्रमाणपत्रं देत नाही.

दगड कुठल्या देशातून कसा बाहेर आला, हेही विचारा. ऑस्ट्रेलियातून परवान्याशिवाय अशनी बाहेर नेता येत नाही, अर्जेंटिनाचा कायदाही कडक आहे. त्या २४ किलोच्या दगडाबाबत नायजर सरकारनं विक्रीनंतर चौकशी सुरू केली. असा वाद चिकटला की संग्रहालयं हात लावत नाहीत आणि दगड पुन्हा विकणं अवघड होतं. भारतात आणताना कस्टममध्ये ९७०५ हे शीर्षक सांगितलं जातं, त्यात खनिजशास्त्रीय संग्रहवस्तू येतात. पावतीवर ‘स्टोन’ एवढंच लिहून किंमत कमी दाखवायला विक्रेता सुचवेल. नाही म्हणा, पार्सल हरवलं तर विमाही तेवढ्याचाच मिळतो.

‘आकाशातून पडलेला धातू, तांदूळ खेचतो, परदेशी कंपनी कोटींना घेणार.’ खरं आहे का?

राईस पुलरची फसवणूक आहे. ‘तपासणी फी’, ‘शास्त्रज्ञांचा विमानखर्च’, ‘रेडिएशन सूट’ असं करत पैसे उकळतात. अशनी तांदूळ ओढत नाही, किरणोत्सर्ग करत नाही आणि तिला तपासायला कुणी चंदेरी सूट घालत नाही. पोलिसांत जा.

मंगळाचा दगड अंगठीत घातला तर पत्रिकेतला मंगळ शांत होतो का?

हा दगड मंगळावरून सुटून आलेला आहे, एवढंच त्याच्याबद्दल ठाम सांगता येतं. शिवाय अंगठीत रोजचा घाम आणि साबण लागून त्याचा भुगा होईल, हेही.

पावसाळ्यात जपायचा कसा?

मंगळाच्या दगडात धातू कमी, म्हणून लोखंडी अशनीसारखा तो फुगून गंजत नाही. पण त्यात सल्फाइड आणि क्षार असतात, बारीक भेगाही खूप. ओल भेगेत शिरली की आधी डाग, मग कणकण सुटतात. हवाबंद डबा घ्या, एक लिटरच्या डब्यात २०-२५ ग्रॅम नारिंगी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका. आकडा ४० टक्क्यांच्या खाली हवा. जेलचा रंग उतरला की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बघा. महाबळेश्वर-पाटणकडं दर आठवड्याला.

नळाचं पाणी लावू नका, बोअरचं तर अजिबात नाही. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या पाण्यात क्लोराइड असतं, आणि तेच दगडाला खातं. धूळ मऊ ब्रशनं काढा, हाताळताना नायट्राइल हातमोजे घाला. तेल, तूप, वार्निश काही नको. त्यानं दगड दिसतो छान, पण पुढची प्रत्येक रासायनिक चाचणी बिघडते.

स्लाइस पाडून विकल्या तर फायदा जास्त ना?

ब्लेडचा हिशेब आधी करा. टाइल कापायच्या मशीनचं पातं २ मिलिमीटरचं. ३ मिलिमीटरच्या चकत्या काढल्या तर दर ५ मिलिमीटरमधले २ भुकटीत, म्हणजे ४० टक्के दगड गटारात. रत्नं कापतात त्या ०.४ मिलिमीटरच्या हिऱ्याच्या पात्यानं हाच तोटा १२ टक्क्यांवर येतो. साध्या मशीनचा वेग आणि उष्णता यांनी आधीच भेगाळलेला दगड फुटतो, ते वेगळं. डिस्टिल्ड वॉटर वापरा, भुकटी गाळून ठेवा (तिलाही गिऱ्हाईक असतं), चकत्या लगेच पुसून वाळवा. आणि वर्गीकरण झाल्याशिवाय पातं लावूच नका.

घरच्या चाचण्या जुळल्या. पुढं कुणाकडं जाऊ, किती तुकडा देऊ?

पहिली पायरी स्वस्त आहे. भूशास्त्र विभाग असलेल्या जवळच्या महाविद्यालयात एक पातळ छेद करून घ्या. दगडातून सुपारीएवढा तुकडा पुरतो. प्लॅजिओक्लेजच्या पट्ट्या दिसल्या तर विषय बहुधा संपला. प्लॅजिओक्लेजच्या जागी काळी काच दिसली तरच जीएसआय किंवा अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेला लिहा. पत्राबरोबर दगड पाठवू नका. दिवसाच्या उजेडातले, शेजारी पट्टी ठेवलेले चार-पाच फोटो, घनता, सापडल्याची जागा आणि छेदाचा फोटो पाठवा.

अधिकृत नावासाठी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचा २० टक्के भाग, यातलं जे कमी असेल ते, मान्यताप्राप्त संस्थेत कायमचं ठेवावं लागतं. ६० ग्रॅमचा दगड असेल तर १२ ग्रॅम द्यायचे, ५ किलोचा असेल तर २० ग्रॅम. हा भाग परत मिळत नाही. भारतात पडलेल्या आणि सापडलेल्या अशनी जतन करण्याचं काम जीएसआयकडं आहे, त्यामुळं ‘माझ्या रानात पडली, मी परस्पर विकणार’ असा बेत करण्याआधी त्यांच्याशी आणि वकिलाशी बोला.

आकाशातून जळता गोळा जाताना दिसला तर नेमकं काय करायचं?

घड्याळ बघा, सेकंदासह. जिथं उभे आहात ती जागा सोडू नका, तिथूनच दिशा ठरवा: गोळा कुठल्या डोंगराच्या, टॉवरच्या किंवा पवनचक्कीच्या डोक्यावर विझला. हात लांब करून मूठ धरा, एक मूठ साधारण १० अंश. क्षितिजापासून किती मुठी वर होता ते मोजा. आवाज आला तर किती सेकंदांनी आला ते नोंदवा. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे ९० सेकंदांनी गडगडाट ऐकू आला तर स्फोट साधारण ३० किलोमीटरवर, आणि हे अंतर तिरकं, उंचीसकट. गावातल्या सीसीटीव्हीचं चित्रण त्याच रात्री काढून घ्या, बरेच कॅमेरे काही दिवसांत जुनं पुसतात. साताऱ्यातून आणि मिरजेतून अशा दोन नोंदी मिळाल्या तरी पडायची जागा बरीच आवळता येते.

दगड सापडला तर हात लावण्याआधी जागेवरच फोटो, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, खड्डा असेल तर त्याची खोली. तो पेटलेला किंवा लालबुंद नसतो. शेवटचे काही किलोमीटर तो गार हवेतून खाली येतो आणि हाताला बहुधा गारच लागतो. स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, मग झिपच्या पिशवीत. हळद-कुंकू वाहायचं असेल तर पिशवीवर वाहा. तलाठी किंवा तहसीलदारांना कळवा, त्यांच्यामार्फत जीएसआयच्या पुण्यातल्या कार्यालयाला. आणि हे सगळं पाऊस यायच्या आधी करा, कारण पाण्यात विरघळणारे मंगळाचे क्षार पहिल्याच सरीत मातीत जातात.